टस्कीगीची परिचारिका

टस्कीगी हें नांव मराठी वाचकांस आतां परकें राहिलेलें नाहीं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांत उभी केलेली ती विद्यासंस्था, आणि तेथें ४७ वर्षें राहून भुईमूग व रताळीं यांच्यावर प्रयोग करणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, यांची ओळख वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या चरित्रानें महाराष्ट्रांतील घराघरांत पोंचविली आहे. गुलामगिरींतून नुकत्याच सुटलेल्या समाजानें स्वतःच्या हातांनीं विटा भाजून उभारलेल्या त्या संस्थेविषयीं आपल्या मनांत जो आदर आहे तो सर्वथा योग्यच आहे. परंतु त्याच गांवीं, कार्व्हर हयात असतां, वैद्यकाच्या इतिहासांतील एक अत्यंत लाजिरवाणें प्रकरण सुरू झालें व तें चाळीस वर्षें चाललें. तें इतकीं वर्षें निर्वेध चालावयास ज्या एका व्यक्तीचें साह्य सर्वांत अधिक झालें ती व्यक्ति दुष्ट नव्हती, लोभी नव्हती आणि अडाणीही नव्हती. ती त्याच संस्थेंत शिकलेली, रोग्यांवर मनापासून माया करणारी एक परिचारिका होती. त्यांचें नांव यूनिस रिव्हर्स.

खलपुरुषाचा इतिहास लिहिणें सोपें असतें आणि वाचणेंही सोपें असतें. तो वाचून आपण रात्रीं निर्धास्त झोंपतों, कारण तो खल आपण नव्हे अशी आपली खात्री असते. सज्जनाच्या हातून घडलेल्या अनर्थाचा इतिहास मात्र तसा झोंपूं देत नाहीं. शिवाय या इतिहासाचा आजच्या काळाशीं निकटचा संबंध आहे. आज ज्या रुग्णालयांतून नवीं औषधें माणसांवर पारखून पाहिलीं जातात, तेथें वरिष्ठ परिचारिकेचें स्थान फार मोठें झालेलें आहे. रोग्याला प्रयोग समजावून सांगण्यास साह्य करणें, त्याच्या रक्ताचे नमुने व त्याच्या तक्रारी यांची बिनचूक नोंद ठेवणें, ठरल्या दिवशीं तो येईल असें पाहणें, न आल्यास त्याची विचारपूस करणें, हीं कामें बहुधा तिच्याच वांट्यास येतात. या पेशाच्या पूर्वेतिहासांत रिव्हर्सबाईंना वळसा घालून पुढें जातां येत नाहीं.

बाईंचा जन्म १८९९ सालीं जॉर्जिया संस्थानांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. कृष्णवर्णीय मुलीनें गोऱ्यांच्या घरीं धुणेंभांडीं करावीं, फार झालें तर शाळेंत शिकवावें, असा तो काळ. वडिलांनीं मुलीस टस्कीगीस धाडलें. प्रथम त्या हस्तकला शिकत होत्या, परंतु वडिलांच्याच सांगण्यावरून त्या परिचर्येकडे वळल्या आणि १९२२ सालीं उत्तीर्ण झाल्या. पुढील वर्षीं संस्थेच्या फिरत्या शाळेबरोबर त्यांची नेमणूक झाली. ही फिरती शाळा म्हणजे कार्व्हर यांच्या कल्पनेंतून १९०६ सालीं निघालेल्या जेसप गाडीचाच पुढील अवतार होय. पहिल्या गाडीस जनावरें जुंपीत असत. रिव्हर्सबाईंच्या वेळेपर्यंत मोटार आली होती. शेतकीचे शिक्षक पुरुषांना नांगरट व खतें यांविषयीं सांगत, आणि परिचारिका बायकांना स्वच्छतेचे, बाळंतपणाचे व तापकऱ्याच्या शुश्रूषेचे साधे नियम दाखवी. पुढें सुइणींना शिकविण्याचें कामही बाईंकडे आलें. अशा रीतीनें आठ-नऊ वर्षें त्या खेडींपाडीं हिंडल्या. कोणत्या वाटेवर पावसाळ्यांत चिखल होतो, कोणत्या घरीं म्हातारी आजारी आहे, कोणाशीं कसें बोलावें, हें सर्व त्यांना पाठ झालें. ही त्यांची खरी मिळकत होती, आणि पुढें सरकारनें उपयोगांत आणली ती हीच.

टस्कीगी ज्या मेकन परगण्यांत आहे तेथें त्या वेळीं कापसाचीं शेतें होतीं, आणि त्यांत राबणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय अर्धेलीदार होते. डॉक्टर त्यांच्या दारीं क्वचितच येई. आणि आला तरी त्याचें देणें देण्यास घरांत पैसा नसे. १९२९ ते १९३१ या काळांत रोझेनवाल्ड निधीच्या साह्यानें दक्षिणेंतील सहा परगण्यांत उपदंशाची पाहणी व चिकित्सा करण्यांत आली, तेव्हां मेकन परगण्यांत तपासलेल्या लोकांपैकीं शेंकडा सुमारें ३५ जणांना तो रोग असल्याचें दिसून आलें. इतक्यांत जागतिक मंदी ओढवली, निधीचा हात आंखडला आणि उपचार बंद पडले. तेव्हां अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांतील डॉ. टॅलियाफेरो क्लार्क यांच्या मनांत अशी कल्पना आली कीं, हे लोक औषधावांचून राहणारच आहेत, तर औषध न मिळाल्यास हा रोग शरीराचें काय करितो हें येथें पाहून घ्यावें. नॉर्वेंतील ऑस्लो येथील उपचार न मिळालेल्या रोग्यांच्या जुन्या नोंदी अभ्यासून १९२९ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला होता. परंतु ते रोगी गोरे होते. कृष्णवर्णीयांच्या देहांत रोगाची गति निराळी असते अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती, आणि ती पडताळून पाहण्यास हें क्षेत्र त्यांना आयतेंच सांपडलें.

१९३२ च्या शरदृतूंत काम सुरू झालें. मूळ बेत सहा-आठ महिन्यांचा होता. उपदंश झालेले ३९९ पुरुष व तो नसलेले २०१ पुरुष, मिळून ६०० माणसें या पाहणींत घेतलीं गेलीं. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. या माणसांना रोग टोंचण्यांत आला होता असें पुष्कळदां सांगितलें जातें, परंतु तें खरें नव्हे. रोग त्यांच्या अंगीं आधींच होता. सरकारचा अपराध याहून निराळा, आणि माझ्या मतें कमी भयंकर नसलेला होता. रोगाचें नांव त्यांना सांगण्यांत आलें नाहीं. 'तुमचें रक्त बिघडलें आहे' एवढेंच सांगण्यांत आलें. आणि त्या मुलखांत बिघडलेलें रक्त या शब्दांत अशक्तपणापासून उपदंशापर्यंत सर्व कांहीं येत असे. आरंभीं थोडींशीं सोमलयुक्त औषधें व पाऱ्याचें मलम देण्यांत आलें, तें रोग बरा होण्यास पुरेसें नव्हतें. पुढें अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या व लोहाचें टॉनिक यांवरच भागविण्यांत आलें. १९३३ सालीं मणक्यांतून पाणी काढण्याची दुःसह तपासणी करावयाची होती, तेव्हां त्या माणसांना पत्रें धाडून तो एक खास मोफत उपचार असल्याचें कळविण्यांत आलें. तपासणीला उपचार म्हणणें, हें या सर्व प्रकरणाचें मूळ असत्य होय.

रिव्हर्सबाईंची संस्थानाकडील नोकरी मंदींत गेली होती, व त्या टस्कीगीच्या जॉन अ‍ॅन्ड्र्यू रुग्णालयांत रात्रपाळीवर काम करीत होत्या. रुग्णालयाचे मुख्य डॉ. यूजीन डिबल हे स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांची संमति होती, संस्थेचे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांचीही होती. या कामीं सरकारला एक स्थानिक परिचारिका पाहिजे होती, आणि अशा वेळीं रिव्हर्सबाईंचें नांव पुढें यावें हें स्वाभाविकच होतें.

वॉशिंग्टनहून डॉक्टर वर्षाकांठीं येत, तपासणी करीत आणि परत जात. पुढल्या खेपेस बहुधा दुसराच डॉक्टर असे. रोग्यांना ओळखीचा असा एकच चेहरा, तो म्हणजे रिव्हर्सबाईंचा. एखादा तरुण डॉक्टर तुसडेपणानें बोलला तर रोगी बाईंकडे तक्रार करीत, आणि बाई त्या डॉक्टरास बाजूस घेऊन या लोकांशीं कसें वागावें तें सांगत; उलट डॉक्टरांच्या वतीनें रोग्यांची समजूतही त्याच काढीत. तपासणीच्या दिवशीं सरकारी चिन्ह असलेली मोटार घेऊन त्या दारोदार जात. ज्यांच्यासाठीं जन्मांत कधीं मोटार दारीं आली नव्हती अशा त्या शेतकऱ्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत त्या गाडींत बसून जाणें हा मोठा मान वाटे. वाटेंत थट्टामस्करी चाले, दुपारीं गरम जेवण मिळे, परततांना बाजारांत थांबून चार जिनसा घेतां येत. हळूहळू या माणसांचा एक मेळाच बनला, आणि ते आपल्या मेळ्यास 'मिस रिव्हर्स यांचा लॉज' म्हणूं लागले. लॉज म्हणजे परस्परसाह्यासाठीं काढलेली बंधुमंडळी. आपण एका प्रयोगांतील आंकडे आहों ही जाणीव त्यांच्या मनास शिवलीही नव्हती.

या पाहणीस जिवंत देहाइतकेंच मृत देहाचेंही प्रयोजन होतें. कारण हृदय, रक्तवाहिन्या व मेंदू यांवर रोगाचा काय परिणाम झाला हें शवच्छेदनावांचून निश्चित कळत नसे. परंतु प्रेताची चिरफाड कोणत्या घरच्यांना रुचेल? म्हणून १९३५ पासून मिलबँक निधीमार्फत प्रत्येक मृताच्या अंत्यविधीसाठीं ५० डॉलर देण्याची व्यवस्था झाली. गरिबाला आपलें प्रेत बेवारशी पडेल हें भय मरणाहून मोठें असतें. त्यामुळें ५० डॉलर ही लहान रक्कम नव्हती. तरी नुसत्या पैशानें हें काम झालें नसतें. मृत्यूची वार्ता कळतांच बाई त्या घरीं जात, विधवेपाशीं बसत, मग तो विषय काढीत आणि प्रेतयात्रेसही हजर राहत. १९५३ सालीं 'पब्लिक हेल्थ रिपोर्ट्स' या सरकारी नियतकालिकांत या पाहणीच्या वीस वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिलें नांव यूनिस रिव्हर्स यांचें आहे. १४५ कुटुंबांना शवच्छेदनाची परवानगी मागितली गेली आणि नकार केवळ एका कुटुंबानें दिला. जगांतील कोणत्याही संशोधकास हेवा वाटावा असा हा आंकडा आहे. एका परिचारिकेनें आयुष्यभर मिळविलेला विश्वास किती होता याचें तें मापच म्हटलें पाहिजे. आणि तो विश्वास कोठें खर्च झाला याचेंही तेंच माप आहे.

येथवरचा भाग कोणी कदाचित् काळाच्या माथीं मारील. उपदंशावरील तत्कालीन औषधें त्रासदायक होतीं, त्यांनीं कित्येकांना अपाय होई, हें खरें आहे. परंतु १९४३ सालीं पेनिसिलिन या रोगावर गुणकारी असल्याचें दिसून आलें, आणि १९४७ च्या सुमारास तें सर्वमान्य औषध झालें. आतां न पाहण्यास कसलीही सबब उरली नव्हती. तरीही पाहणी चालूच राहिली. परगण्यांतील डॉक्टरांना या माणसांच्या नांवांची यादी देण्यांत आली होती, ती त्यांना उपदंशावर उपचार मिळूं नयेत म्हणून. महायुद्धाच्या वेळीं सैन्यभरतीच्या मंडळासही तशीच सूचना गेली. थोड्याबहुत जणांना अन्यत्र, दुसऱ्या एखाद्या दुखण्याच्या निमित्तानें, पेनिसिलिन मिळून गेलें. बाकीचे तसेच राहिले. त्यांच्या बायकांना संसर्ग होणें व मुलांना जन्मतःच रोग जडणें हे धोके कोणत्याही डॉक्टरास ठाऊक होते. हें सर्व चोरून चाललें होतें असेंही नाहीं. १९३६ पासून या पाहणीचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणें छापून येत होते. ज्या वर्षीं पेनिसिलिन सर्वमान्य होत होतें त्याच १९४७ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें नाझी डॉक्टरांना शासन करितांना, माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीवांचून त्याच्यावर प्रयोग करूं नये, असें पहिलें सूत्र घालून दिलें. अलाबामाच्या शेतांपर्यंत तें सूत्र पोंचलें नाहीं.

१९५८ सालीं पाहणीस पंचवीस वर्षें झालीं म्हणून हयात असलेल्या प्रत्येकास एक प्रशस्तिपत्र व वर्षास एक याप्रमाणें २५ डॉलर देण्यांत आले. आणि त्याच वर्षीं रिव्हर्सबाईंस केंद्र सरकारच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचें ओव्हिटा कल्प हॉबी पारितोषिक मिळालें. १९६५ सालीं त्या सेवानिवृत्त झाल्या. त्याच सालीं आयर्विन शॅट्झ नांवाच्या एका तरुण डॉक्टरानें छापील अहवाल वाचून सरकारी डॉक्टरांना निषेधाचें पत्र लिहिलें. त्याला उत्तर आलें नाहीं. पुढल्या वर्षापासून पीटर बक्स्टन या सॅन फ्रान्सिस्को येथील आरोग्य खात्याच्या एका कनिष्ठ नोकरानें वरिष्ठांस लिहावयास आरंभ केला. १९६९ सालीं तज्ज्ञांची एक समिति बसली आणि तिनें पाहणी चालू ठेवण्याचा निर्णय दिला! अखेरीस बक्स्टननें सर्व हकीकत वृत्तपत्रांकडे पोंचविली, आणि २५ जुलै १९७२ रोजीं असोशिएटेड प्रेसच्या जीन हेलर या बाईंच्या लेखणींतून ती जगापुढें आली. त्या वर्षाअखेर पाहणी बंद झाली. तेव्हां उपदंशाच्या रोग्यांपैकीं अवघे ७४ हयात होते. १९७४ सालीं फ्रेड ग्रे या वकिलानें लढविलेल्या दाव्यांत एक कोटि डॉलरांची तडजोड झाली. १९९७ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. या पाहणींतील शेवटचा माणूस २००४ सालीं निवर्तला.

आतां बाईंविषयीं. त्या १९८६ सालीं वारल्या. १९७७ सालीं त्यांची एक दीर्घ मुलाखत नोंदविण्यांत आली, तींत व अन्यत्रही त्यांनीं आपल्या कार्याचें समर्थनच केलेलें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, या माणसांना शेजाऱ्यांहून अधिक वैद्यकीय देखरेख मिळाली. कोणता उपचार द्यावा हें ठरविणें डॉक्टरांचें काम, परिचारिकेचें नव्हे. आणि आपण कोणालाही औषध घेऊं नको असें कधीं सांगितलें नाहीं. हें तिसरें वाक्य फार विचार करण्याजोगें आहे. अमेरिकेंतील परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवानें जी प्रतिज्ञा घेत, ती १८९३ सालीं डिट्रॉइट येथें रचली गेली. तींत कोणतेंही अपायकारक औषध जाणूनबुजून न देण्याचें वचन आहे, आणि डॉक्टरांस निष्ठेनें साह्य करण्याचेंही वचन आहे. गुणकारी औषध अडवून ठेवणाऱ्या डॉक्टराशीं ती निष्ठा राखावी किंवा कसें, याविषयीं त्या प्रतिज्ञेंत शब्द नाहीं. बाईंनीं विष दिलें नाहीं, हें खरें. त्यांनीं औषध घेऊं नका असें म्हटलें नाहीं, हेंही मानूं. परंतु 'तुमच्या रोगास आतां औषध निघालें आहे' हें एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालें असतें तर तीस-चाळीस मैलांच्या टापूंत त्याच्यावर अविश्वास दाखविणारा एकही मनुष्य नव्हता. कारण तें रिव्हर्सबाईंनीं सांगितलेलें असतें. तें वाक्य न बोलणें, हाच त्यांचा दोष होय.

महाभारतांत द्यूतसभेंत भीष्मद्रोण खालीं मान घालून बसले, ते अधर्म आवडत होता म्हणून नव्हे. खाल्ल्या मिठाला जागणें हाच धर्म, असें त्यांनीं मानलें म्हणून. परंतु ही तुलना येथें पुरी लागूं पडत नाहीं. भीष्मांच्या हातीं शस्त्र होतें, त्यांच्या शब्दाला सभेंत वजन होतें. रिव्हर्सबाई स्त्री, त्यांत कृष्णवर्णीय, त्यांत परिचारिका, आणि तीही वर्णभेदाच्या कायद्यांनीं जखडलेल्या अलाबामांत. त्यांच्या वरच्या पायरीवर जे होते, मग ते काळे असोत वा गोरे, त्यांतील एकानेंही वर्षानुवर्षें 'हें थांबवा' म्हटलें नाहीं. ज्यांना राजीनामा देऊन दुसरीकडे सन्मानानें राहतां आलें असतें ते मोठमोठे डॉक्टर विस्मृतींत गेले, आणि नाटकांतून व चित्रपटांतून लोकांच्या नजरेपुढें राहिली ती एक परिचारिका, हाही न्याय नव्हे. १९७२ नंतर पुष्कळांना एक सोयीस्कर गुन्हेगार पाहिजे होता, आणि बाईंच्या चेहऱ्याहून ओळखीचा चेहरा दुसरा नव्हता.

तरी दोषाची वांटणी करून आपली सुटका होत नाहीं. माझ्या मतें या इतिहासाचा मुख्य बोध हा कीं, संशोधनांत रोग्याचा विश्वास ही उपकरणांतील सर्वांत मोलाची वस्तु असते, आणि ती डॉक्टरांपाशीं नसून बहुधा परिचारिकेपाशीं असते. सूक्ष्मदर्शक यंत्र विकत मिळतें. रोग्याच्या अंगणांत बसून मिळविलेला विश्वास विकत मिळत नाहीं. रिव्हर्सबाईंची माया खोटी असती तर ती चाळीस महिनेही टिकली नसती. ती खरी होती म्हणूनच असत्य चाळीस वर्षें टिकलें. म्हणून परिचारिका प्रेमळ असावी एवढें म्हणून भागत नाहीं. तिच्या प्रेमाच्या बळावर जें काम चाललें आहे तें रोग्याला पुरतें ठाऊक आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा अधिकारही तिला असला पाहिजे.

तो अधिकार पुढें नियमांत हळूहळू येत गेला. १९७४ सालीं अमेरिकेंत मानवी प्रयोगांविषयीं कायदा झाला; १९७९ सालीं बेलमाँट अहवालानें व्यक्तीचा आदर, हितबुद्धि व न्याय हीं तीन तत्त्वें सांगितलीं. आपल्या देशांतही २०१३ पासून प्रयोगांत सहभागी होणाऱ्यांच्या संमतीचें ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा नियम आला, आणि २०१९ च्या नियमांनीं तो विशेषतः दुर्बल व्यक्तींच्या बाबतींत कायम ठेविला. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्या संमतीच्या वेळीं निःपक्षपाती साक्षीदार हजर असला पाहिजे असेंही बंधन आहे. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत अशा रोग्यापुढें जें संमतिपत्र ठेवितात तें मराठींत असतें. परंतु त्या मराठीचा अर्थ सांगावयास पुन्हां एक माणूस लागतोच. रोगी कागदाकडे पाहत नाहीं. तो समोरच्या बाईंकडे पाहतो आणि विचारतो, "बाई, तुम्ही सांगा, सही करूं का?"

मेकन परगण्यांतील सहाशें माणसांनीं हाच प्रश्न, न बोलतां, रिव्हर्सबाईंना विचारला होता. त्याचें खरें उत्तर देण्याची मुभा त्यांना कोणीं दिली नाहीं आणि त्यांनींही ती घेतली नाहीं. आज ती मुभा कायद्यानें दिलेली आहे. ती घेण्याचें धैर्य मात्र प्रत्येक परिचारिकेला प्रत्येक रोग्यापुढें नव्यानेंच दाखवावें लागतें, आणि तें दाखविणाऱ्या बाईंच्या पाठीशीं उभें राहणें हें रुग्णालयाचें, डॉक्टरांचें व आपणां सर्वांचेंच काम आहे.